गुरुवारचं भूत

"आजपासून या बेटावर मेलेल्यांचं राज्य संपलं!" हाफोका वैदूने दोन्ही हात आभाळाकडे करून जाहीर केलं, आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचे मागचे पाय वाळूत रुतून तो मागच्या मागे आडवा झाला.

चर्चसमोर जमलेल्या शे-सव्वाशे माणसांपैकी एकही हसलं नाही. लोकांनी त्याला उचलून बसवलं, कमरेला गुंडाळलेली मानाची चटई झटकली आणि 'भुताने जाता जाता लाथ घातली' असा निर्णय देऊन टाकला.

लोकांचंही बरोबर होतं. चार महिने दर गुरुवारी दुपारी लुसिआनेला भूत धरायचं. वैदूने बुधवारी संध्याकाळीच छाती ठोकून सांगितलं होतं, "उद्या मी त्याला दारातच अडवतो." आणि खरोखरच आजचा गुरुवार कोरडा गेला होता. म्हणजे भुताच्या बाबतीत कोरडा. बाकी पाऊस असा कोसळला होता की डुकरंसुद्धा चर्चच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहिली होती.

गर्दीत सगळ्यात पुढे कालोलाइने आत्या उभी होती. सव्वीस वर्षं ती या बेटाची सरकारी हवामान निरीक्षक होती. सकाळ-दुपार पाऊस, वारा, तापमान मोजायचं, वहीत लिहायचं, रेडिओवरून मोठ्या बेटाला कळवायचं. मोजल्याशिवाय ती पावसाचा एक थेंब मान्य करत नसे. भूत मात्र तिने न मोजताच मान्य केलं होतं.

कारण भूत तिच्या घरात होतं. लुसिआने ही तिच्या भावाची मुलगी, बावीस वर्षांची. आई गेलेली, बाप ऑकलंडला गेला तो पंधरा वर्षांत परतला नव्हता. टोंगाच्या या बेटांत भावाच्या मुलांवर आत्याचा शब्द शेवटचा. बाप समोर बसलेला असला तरी. त्यामुळे पोरीचं काय करायचं, हे एकट्या आत्याने ठरवायचं होतं.

आणि काय करायचं, हेच तिला कळत नव्हतं. सकाळी गळ्यात पडून "आत्या, तूच माझी आई" म्हणणारी पोर दुपारी ताटं फोडत किंचाळायची, "तुला मी मेलेलीच हवी आहे!" मग एकदम दगडासारखी गप्प. त्या गप्प बसण्याची आत्याला जास्त भीती वाटे. दोनदा पोरीने स्वतःच्या हातावर जखमा करून घेतल्या होत्या. तेव्हापासून घरातली प्रत्येक धारदार वस्तू आत्याने थर्मामीटरच्या पांढऱ्या पेटीत कुलूपबंद करून ठेवली होती. रताळी ती आता हाताने मोडत असे.

"दोन भुतं आहेत," वैदूने पहिल्याच दिवशी निदान केलं. "एक गोड, एक कडू. गोड असतं तेव्हा पोर मला देव म्हणते. मी घरी जायला उठलो की कडू येतं आणि तीच मला कुत्रा म्हणते. यांचा मालक म्हणजे तुमचे पणजोबा. ते गुरुवारी बुडाले होते."

पणजोबा कुठल्या वारी बुडाले हे तोवर बेटावर कुणालाच ठाऊक नव्हतं. वैदूने सांगितल्यावर मात्र तीन म्हाताऱ्यांना एकाच वेळी आठवलं. भुताला रताळी चालत नव्हती, डुकराचं कोवळं पिल्लू चालत होतं. भुताला तोंड नसल्याने ते वैदू खायचा.

असो. गुरुवार टळला आणि शनिवार उजाडला. वादळामुळे रखडलेली बोट त्या दिवशी आली, माल उतरवून दोन वाजता निघाली, आणि तिचा भोंगा वाजतो न वाजतो तोच मागच्या दाराने लुसिआने धावत सुटली. आत्याने किनाऱ्यावर पोचून पाहिलं तर पोर गळ्याइतक्या पाण्यात होती आणि पुढेच चालली होती. आत्याने तिला केसांना धरून ओढत बाहेर आणलं, वाळूवर बसली आणि लहान मुलासारखी रडली.

"सूड!" वैदू धापा टाकत आला. "अडवलं म्हणून चिडलंय. आता एकच उपाय. येत्या गुरुवारी हिला समोरच्या ओसाड बेटावर सोडायचं. तीन दिवस. एकटी. हिने हाक मारली तर कुणी ओ द्यायची नाही. माणसाची ओ मिळाली नाही की भूत कंटाळून जातं."

आत्याने पोरीच्या केसांतली वाळू झटकली. ती "हो" म्हणाली.

त्याच बोटीने महिन्याच्या फेरीला आलेली नर्स मेलेनाइते संध्याकाळी पोरीला तपासायला आली. भुताशी ती एक शब्द बोलली नाही. लुसिआनेला विचारलं, "पाण्यात शिरलीस तेव्हा काय वाटत होतं गं?"

"काहीच नाही," लुसिआने भिंतीकडे बघत म्हणाली. "काहीच वाटत नव्हतं, तेच तर. आतून कुणी सगळं उपसून नेल्यासारखं."

बाहेर आल्यावर नर्सने आत्याला विचारलं, "हे नेमकं कधी कधी झालं? कुठे लिहून ठेवलंय का?"

"लिहून ठेवलंय का?" आत्याला हा अपमान वाटला. "सिस्टर, हे तुम्ही मला विचारता?"

तिने वही आणून आपटली. शेऱ्याच्या रकान्यात गडगडाट, धुकं, बोटीचं येणं-जाणं यांच्या जोडीला लुसिआनेही होती. तिचं ओरडणं रेडिओवर ऐकून मोठ्या बेटावरच्या साहेबांनी एकदा "चक्रीवादळ का?" म्हणून घाबरून विचारलं होतं. तेव्हापासून आत्या ते वेळेसकट लिहीत असे.

"वाचा," नर्स म्हणाली.

"बोट गेली, एक पन्नास. लुसिआने, दोन. बोट गेली, तीन पाच. लुसिआने, तीन दहा..." आत्याचा आवाज हळूहळू बसत गेला.

"आणि गेल्या गुरुवारी?"

"वारा पश्चिमेचा, सोसाट्याचा. बोट रद्द." आत्याने तीच ओळ पुन्हा वाचली. "भूत बोटीची वाट बघतं?"

"भूत नाही, तुमची पोर. त्या बोटीवर कोण असतं?"

बोटीवर फेलेती असायचा. लुसिआनेचा थोरला भाऊ, मार्चपासून खलाशी. दर गुरुवारी यायचा, पिठाचं पोतं अंगणात ठेवायचा आणि काही न बोलता निघून जायचा. वयात आलेल्या भावाबहिणीने एका छपराखाली बसायचं नाही, ही अदब होतीच. त्यात आत्यानेच त्याला बजावलं होतं, 'जातोस म्हणून सांगू नकोस, भूत खवळतं.'

"या दुखण्याला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात," नर्स म्हणाली. "शिक्का डॉक्टर मारतील, पण वॉर्डात सहा वर्षं मी अशी माणसं पाहिली आहेत. आपलं माणूस जरा वळलं की यांना वाटतं, कायमचं गेलं. नाटक नसतं हो ते. आपल्याला घर पेटल्यावर वाटेल, तितकंच खरं वाटतं. मग ज्याला सकाळी देव म्हटलं तो दुपारी सैतान दिसतो. राग, भीती, पोकळी, सगळं एकदम. सोसेना झालं की स्वतःलाच इजा करतात. आणि तुम्ही हिला एकटीला ओसाड बेटावर सोडणार? हाकेला ओ न देता?"

आत्याने वही मिटली. मग तिला आणखी एक गोष्ट आठवली.

"सिस्टर, हाफोका दर बुधवारी माझ्याकडे येतो. 'समुद्र कसा आहे ताई, बोट येणार ना, किती वाजता निघेल,' म्हणून विचारतो. मला वाटायचं, किती काळजी करतो बिचारा. भुताची वेळ त्याला मीच सांगत होते!"

"उद्या-परवा तुम्ही चुकीच्या ठरलात तर?" असं तिने नर्सला रात्रभरात चार वेळा विचारलं. नर्सने चारही वेळा एकच उत्तर दिलं, "मी चुकले तरी पोर घरात असेल, समुद्रात नसेल."

बुधवारी वैदू आला. "समुद्र कसा आहे ताई?"

"शांत," आत्या म्हणाली. "उद्या बोट बाराच्या ठोक्याला निघणार." बोट तीनला निघणार होती. सव्वीस वर्षांत आत्याने दिलेली ही पहिली खोटी माहिती.

गुरुवारी आत्याच्या अंगणात सगळं बेट लोटलं. किनाऱ्यावर होडी तयार. वैदूने आज खुर्ची टाळली होती. "बाराच्या ठोक्याला पणजोबा येतील! लहान मुलांना मागे घ्या!"

बारा वाजले. साडेबारा झाले. लुसिआने आत बसून चटई विणायला पानांच्या पात्या सोलत होती. एक वाजला तेव्हा लोकांनी नीरफणस सोलायला घेतले.

"भूत घाबरलंय," वैदू म्हणाला.

"घाबरलं नाही, चुकलंय," आत्या पुढे आली. "त्याला वेळ मी चुकीची सांगितली. बोट तीनला आहे. हाफोका, तू आणलेले पणजोबा फारच अडाणी बुवा. बोट धक्क्याला उभी दिसत असताना माझ्या भरवशावर राहिले!"

मग तिने वही उघडून सगळ्या ओळी वाचल्या. पहिल्या पाच ओळींना लोक गप्प होते. सहाव्याला कुणीतरी खुदकन हसलं. दहाव्याला एक म्हातारी ओरडली, "अरे मेल्या, आणि माझी पाच पिल्लं खाल्लीस!"

वैदू म्हणाला, भुतांना बोटी पूर्वीपासून आवडतात. पण तोवर होडीवाल्यांनी वल्ही घरी नेली होती. थोड्या वेळाने वैदू बोटीच्या शिडीवर दिसला. बोटी त्यालाही आवडत असाव्यात.

भूत गेलं, पण तीन अजून वाजायचे होते. आत्याची खरी भीती आता सुरू झाली. ती आत जाऊन लुसिआनेजवळ बसली.

आत्याने सांगून ठेवल्याप्रमाणे पावणेतीनला फेलेती आला. अदबीने दाराकडे पाठ करून अंगणात उभा राहिला आणि आभाळाला सांगावं तसा मोठ्याने म्हणाला, "आत्या, मी निघालो. पुढच्या गुरुवारी अकराला येतो. बोट रद्द झाली तर तुझ्या रेडिओवर कळवीन. आलो की नारळाची पोळी खाऊनच जाईन. जिला करता येते तिने करावी."

भोंगा वाजला. लुसिआनेने आत्याच्या मनगटात नखं रोवली. "नाही येणार तो," ती दातांतून म्हणाली. "तूही जाशील. सगळे खोटारडे. सोड मला!"

"जाईन ना," आत्या जागची न हलता म्हणाली. "चारला पाऊस मोजायला जाईन, दहा मिनिटांत परत येईन. तू घड्याळ लाव."

पोर रडली, शिव्या दिल्या, उशी फेकली. अंगणात लोक श्वास रोखून उभे होते. मग हळूहळू आवाज उतरत गेला. चारला आत्या उठली, पाऊस मोजला, नवव्या मिनिटाला परत आली. लुसिआने जागेवरच होती.

नर्स आता पायरीवर उभी राहिली. "बघितलंत? भूत कुणी काढलं नाही, कारण ते नव्हतंच. हिला पुन्हा त्रास होईल. उपचार आहेत, डॉक्टरांशी बोलून बोलून, महिनेच्या महिने. मोठ्या बेटावर मी नाव नोंदवते. तोवर तुम्ही काय करायचं? जाताना सांगून जा, सांगितल्या वेळी परत या, ती चिडली तरी तुम्ही चिडू नका आणि मरणाची भाषा केली तर थट्टेवारी नेऊ नका, तडक मला रेडिओवर कळवा. आणि कुणी चमत्कार सांगितला तर आधी विचारा, हे कधी घडलं, त्याच्या आधी काय घडलं, आणि न घडलं तेव्हा काय वेगळं होतं! डोकं चालवा! माणसाला समजून घ्या! या पोरीला समजून..."

"सिस्टर," आतून लुसिआनेचा घोगरा आवाज आला, "मला समजून घेऊन झालं असेल तर जरा हळू बोला. मला झोप येतेय."