मार्गिटनं फोन ठेवला नाही

शाहूपुरीतल्या गूळ बाजारात चन्नाप्पांचं अडत दुकान होतं. त्यांची मुलगी दानेश्वरी कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि उरलेल्या वेळात शुक्राच्या ढगांवर काम करायची. तीन देशांनी मिळून एक यान बनवायला घेतलं होतं. ते पॅराशूटला लटकत शुक्राच्या वातावरणात उतरणार होतं आणि तिथल्या वाऱ्याची, उष्णतेची खबर वर फिरणाऱ्या मोठ्या यानाकडे पाठवणार होतं. खाली उतरताना ते किती हेलकावे घेईल, हे गणित दानेश्वरीकडे होतं. पुण्यात पीएच.डी. करताना एका परिषदेत तिची मार्गिटशी ओळख झाली होती. मार्गिट व्हिएन्नाची, पॅराशूटचं सगळं काम तिच्या हाताखाली होतं. तिनंच दानेश्वरीला या कामात ओढलं.

"तिथं पाऊस पडतोय काय गं?" चन्नाप्पांनी एकदा जेवताना विचारलं होतं.

"पडतोय आप्पा, पण ॲसिडचा. जमिनीपातुर येतच न्हाय, वरच्यावर वाळतोय."

"मग काय उपेगाचा," म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली होती. पण बाजारात कुणीही भेटलं की पोरगी शुक्रावर यान सोडणार हाय, हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही.

१९९८ च्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या. बाजारात फटाके वाजले. चन्नाप्पांनी दुकानात येईल त्याच्या हातावर पेढा ठेवला. दानेश्वरीही त्या दिवशी दुकानात होती, तिनंही पेढा खाल्ला. पुढच्या महिन्यात पॅराशूटच्या चाचणीसाठी तिला परदेशी जायचं होतं. बॅग अर्धी भरून झाली होती.

आठवड्याभरात कॉलेजच्या संगणकावर मेल आला. त्यात मार्गिटचा शब्द एकही नव्हता, संस्थेच्या कचेरीची भाषा होती. बदललेल्या परिस्थितीमुळे भारतातल्या सदस्यांचा सहभाग थांबवण्यात येत आहे. यापुढे त्यांच्याशी तांत्रिक माहितीची देवाणघेवाण करू नये.

दानेश्वरीनं तो दोनदा वाचला. तिला परदेशवारी हुकल्याचं दुःख नव्हतं असं नाही, पण तिला घोर लागला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्याच आठवड्यात तिला गणितात एक गोष्ट सापडली होती. पॅराशूटच्या दोऱ्या आखूड होत्या. वरच्या विरळ हवेत त्या चालल्या असत्या, पण दाट ढगांच्या थरात वाऱ्याचे झोत लागले की यान पाळण्यासारखं जोरजोरात झुललं असतं. वरच्या यानाकडे रोखलेला अँटेना भरकटला असता आणि संदेश तुटला असता. तेही नेमका जिथला शोध घ्यायचा, तिथंच. पुन्हा एकदा तपासून मग कळवू, म्हणून ती थांबली होती.

तिनं प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांनीच दार लावलंय ना? मग आपण कशाला जायचं सांगायला? शिवाय अशा दिवसांत परदेशात फोन, मेल… कॉलेजवर बालंट नको."

घरी तिनं हा विषय काढला तेव्हा अव्वा, तिची आई शांतव्वा, भाकरी थापत होत्या. चन्नाप्पा म्हणाले, "पडंना का त्यांचं यान. तुला हाकललं की न्हाय त्यांनी?"

"आप्पा, ते यान माजंबी हाय."

"मग पेढं वाटलं ते चुकलं म्हन की माजं."

"तसं म्हनत न्हाय मी."

"मग काय म्हनतीस?"

शांतव्वा तव्याकडे बघतच म्हणाल्या, "सांगायचं आसलं तर सांग. मनात ठिवून आजारी पडशील."

दुसऱ्या दिवशी ती स्टेशन रोडवरच्या एसटीडी बूथमध्ये गेली. काचेचं दार ओढून घेतलं आणि मार्गिटच्या घरचा नंबर लावला.

"दानेश्वरी," मार्गिट हळू आवाजात म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय. मी खूप भांडले."

"ते असू दे. मला दोऱ्यांबद्दल सांगायचंय."

"नको सांगूस. तू कामाचं काही बोललीस तर मला ते वर कळवावं लागेल. तसा नियम केलाय."

"मग तू फोन ठेव."

पलीकडून आवाज आला नाही. दानेश्वरी थांबली. मार्गिटचा श्वास ऐकू येत होता, तिनं फोन ठेवला नव्हता. मग दानेश्वरीनं सावकाश सगळं सांगितलं, दोऱ्या किती वाढवायच्या तेही. मध्ये एकदा पेन्सिल चालल्याचा आवाज आला. शेवटी मार्गिट एवढंच म्हणाली, "काळजी घे."

त्यानंतर तिच्याकडून काही आलं नाही. दानेश्वरीनं पाठवलेले मेल परत येऊ लागले. तिला वाटलं, मार्गिट घाबरली असेल, किंवा चिडली असेल. पुढं निर्बंध उठले. दानेश्वरीनं संस्थेला विचारलं, तर तिची जागा केव्हाच दुसऱ्याला दिली होती. ती कॉलेजात शिकवत राहिली. यानाचं नाव निघालं की विषय बदलायची.

२००४ साली यान शुक्रावर उतरलं. दानेश्वरी घरातल्या संगणकासमोर बसली होती. चन्नाप्पा आता थकले होते, ते मागं खुर्चीत होते. यान ढगांत शिरलं आणि बराच वेळ काहीच कळेना. मग बातमी आली. संदेश सलग येत होता, ढगांच्या खालपर्यंत.

"पोचलं न्हवं?" चन्नाप्पांनी विचारलं.

"पोचलं, आप्पा."

संध्याकाळी नियंत्रण कक्षाचा फोटो आला. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. दानेश्वरीनं त्यात मार्गिटला शोधलं, ती नव्हती. एका जुन्या सहकाऱ्याला विचारून तिनं नंबर मिळवला आणि दुसऱ्या दिवशी फोन लावला.

"मी तिथं नव्हते," मार्गिट म्हणाली. "मीही तुझ्यासारखीच घरी बसून बघत होते. तुझ्या फोननंतर लगेच मला काढलं."

"का? तू कळवलंस?"

"कळवावंच लागलं. दोऱ्या बदला म्हटल्यावर त्यांनी विचारलं, हे गणित कुणाचं? माझं म्हणून खपवलं असतं तर पहिल्याच प्रश्नाला अडकले असते, आणि दोऱ्या होत्या तशाच राहिल्या असत्या. म्हणून तुझं नाव सांगितलं. त्यांनी गणित तपासलं, बरोबर निघालं. दोऱ्या बदलल्या आणि मलाही."

"मला सांगायचं तरी होतंस," दानेश्वरी म्हणाली.

"सांगून तू काय केलं असतंस? स्वतःला दोष दिला असतास. आता मी शाळेत शिकवते. बरी चाललीय शाळा." मग ती म्हणाली, "खोटं कशाला बोलू. काल यान उतरलं तेव्हा मी खूप रडले, आणि ते आनंदानं नव्हतं."

फोन ठेवल्यावर दानेश्वरी घराच्या पुढच्या सोप्यात आली. चन्नाप्पांनी तिच्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. तिनं सगळं सांगितलं.

"म्हंजे तुज्यापायी त्या बाईची नोकरी गेली," ते म्हणाले.

"व्हय."

"आन् तरीबी तू फोन केला नसतास तर?"

"यानाचा संदेश तुटला असता."

चन्नाप्पांनी तिला शेजारी बसवलं. मग म्हणाले, "तिला हिकडं बोलव. चार दिस ऱ्हाऊ दे आपल्यात."

दानेश्वरीनं त्याच आठवड्यात मार्गिटला बोलावलं. मार्गिट हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. सुट्टी मिळाली तर बघते, म्हणाली.