भारोभार गूळ

मंजुश्रीचं वजन उतरलं आणि सगळ्या गल्लीच्या जिवाला घोर लागला. पोटात लेकरू होतं तेव्हा हीच गल्ली तिला ‘भोपळा झालीस की गं’ म्हणायची. आता शिवकन्या वर्षाची झाली, धरून धरून उभी राहायला लागली, आणि तिच्या आईची भोपळ्यावरून पार शेवग्याची शेंग झाली होती. लातूरसारख्या गावात बाई एवढी बदलली तर कुणी गप्प बसतं का?

कोपऱ्यावरची दुकानवाली दुधाची पिशवी देता देता म्हणायची, “बरं हाय ना सगळं? न्हाई, गालफडं बसल्यावानी दिसायलेत.”

शेजारच्या काकींना लेकराची चिंता. “दूध पुरतंय का पोरीला?”

“हो काकी, पुरतंय.”

“येत असंल, पर पातळ असंल बघ.”

एक बाई तर ओळखीची ना पाळखीची. भाजी घेता घेता तिनं मंजुश्रीचं मनगट धरलं, वर-खाली केलं आणि म्हणाली, “माझी एक भाची अशीच बारीक होत होत गेली.” एवढं बोलून ती पुढच्या गाड्यावर मेथी बघायला लागली. भाची गेली ती कुठं गेली, हे विचारायची मंजुश्रीची छाती झाली नाही. सगळी दुपार तिनं त्या भाचीच्या विचारात घालवली.

मंजुश्री मुळातच काळजीखोर. शिवू शिंकली तरी थर्मामीटर, आणि बराच वेळ शिंकली नाही तरी थर्मामीटर. बी.एस्सी. झालेली असल्यामुळं तिला रोगांची नावंही भरपूर ठाऊक. त्यामुळं लोकांनी एक बोट दाखवलं की ती स्वतःच पुढचा सगळा रस्ता चालून यायची.

“लक्ष देऊ नको,” तिचा नवरा सोमेश म्हणायचा. सोमेशकडं सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध होतं.

शेवटी तिनं मोबाइलवर शोधलं. एक गोरीपान बाई शांतपणे हसत सांगत होती की अशा वेळी न चिडता स्पष्ट बोलावं. मंजुश्रीनं ते वाक्य मराठीत बसवलं, आरशासमोर घोकलं आणि दुसऱ्या दिवशी काकींना ऐकवलं: “काकी, तुमच्या काळजीबद्दल आभारी आहे. पण माझ्या शरीराविषयी मी चर्चा करू इच्छित नाही.”

काकी हातातलं सूप तसंच धरून उभ्या राहिल्या. मग आत तोंड करून ओरडल्या, “अव ऐकलं का? मंजूच्या डोक्यावर बी परिणाम झालाय!”

आता खरं कारण सांगून टाकलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण तेच सांगायचं नव्हतं. शिवूच्या वेळी सातव्या महिन्यात मंजुश्रीची शुगर वाढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “वजन आटोक्यात ठेव, गोड सोड, रोज चाल. नाहीतर परत येईल, आणि आली की जात नाही.” नायगावला तिच्या पपांची नजर शुगरनंच गेली होती. नातीचं तोंड ते बोटांनी चाचपून बघतात. ते बघितल्यापासून मंजुश्रीनं साखरेला हात लावला नव्हता. पहाटे उठून फिरायचं, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. वजन उतरलं ते असं. पण तिच्या आईनं नायगावहून फोनवर दम दिला होता, “सासरी शुगरचं नाव काढू नको. एवढ्या वयात शुगर म्हणल्यावर माहेरावर येतंय सगळं. ‘पोरीत खोट होती, ती झाकून दिली’ म्हणतेत लोक.”

म्हणून मंजुश्री गप्प. आणि ती गप्प, म्हणून सासूबाईंनी आपल्या परीनं इलाज काढला.

सासूबाई म्हणजे कमलम्मा. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणायचे. अव्वा वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्या रोज सकाळी तुपात थबथबलेले डिंकाचे दोन लाडू वाटीत घालून सुनेच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, “खा बाई. माझ्या तोंडाकडं बघून खा.”

मंजुश्री वाटी घेऊन खोलीत जायची. खोलीत सोमेश बुटाची लेस बांधत असायचा. तो न बोलता तोंड उघडायचा. तीन महिन्यांत सोमेशला शर्टाचं शेवटचं बटण लावताना श्वास आत ओढावा लागायला लागला. पण त्याला कुणी काही म्हणालं नाही. उलट काकी म्हणाल्या, “सोमेश आता कुठं माणसात आला बघा. अंगावर मूठभर मांस चढलं.”

हे असंच चाललं असतं. पण मधे नवस आला.

शिवूच्या वेळी मंजुश्री अडली होती. दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून अव्वांनी गावाकडच्या महादेवाला नवस बोलला होता: दोन्ही जीव सुखरूप सुटू देत, सुनेच्या भारोभार गूळ वाहीन. आता शिवूचा पहिला वाढदिवस झाला, नवस फेडायची वेळ आली. सुनेला तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात गूळ घालायचा, पारडी बरोबर झाली की तोच गूळ कढईत टाकून सगळ्या गावाला गव्हाची हुग्गी म्हणजे गुळातली खीर जेवू घालायची, अशी त्या गावाची रीत.

म्हणजे जे वजन लपवायला मंजुश्री मार्चच्या उन्हात पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून फिरत होती, ते आता साऱ्या भावकीसमोर तराजूला लटकणार होतं.

“लक्ष देऊ नको,” सोमेश म्हणाला.

जळकोटच्या अलीकडं त्यांचं गाव. जीप देवळासमोर थांबली तेव्हा अंगणात तीन बल्ल्यांची तिवई उभी होती आणि तिला अडतीवरचा जुना काटा टांगला होता. साखळ्यांचा, दोन मोठ्या पारड्यांचा. अडतवाला सिद्धराम साखळ्या ओढून ओढून बघत होता. पलीकडं चुलाणावर कढई चढली होती. आणि सावलीत, सतरंजीच्या बरोबर मध्यभागी, देगलूरच्या आत्या बसल्या होत्या.

देगलूरच्या आत्या म्हणजे सोमेशच्या सख्ख्या आत्या, अव्वांच्या नणंद. देहानं भरभक्कम आणि तोंडानं त्याहून. मंजुश्री पाया पडायला वाकली.

“शरणार्थ, आत्या.”

“शरणार्थ. कोण गं तू?” आत्या म्हणाल्या. मग हात लांब करून तिची हनुवटी धरली. “अगं माय माय! मंजू व्हय? मला वाटलं, मंजूची धाकटी बहीण आजारातनं उठून आली. वैनी, काय हे! पोरीला घरात जेवायला घालताव का हवा दाखवताव?”

सतरंजी हसली. अव्वा हसल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि गुळाकडं वळल्या.

इथंच अव्वांची चूक झाली. नवस बोलला तेव्हाचं सुनेचं वजन धरून त्यांनी लातूरच्या बाजारातून ढेपा आणल्या होत्या. देवाचं काम हातावेगळं झालं की मन मोकळं होतं म्हणून सून बसायच्या आधीच त्यांनी सगळ्या ढेपा पारड्यात रचल्या, आणि पूजेला बसलेल्या अमरनाथ स्वामींनी एकेका ढेपेला विभूती लावून मंत्रही म्हणून टाकला.

मग मंजुश्री बसली. बसली म्हणजे काय, बसता क्षणी वरच गेली. गुळाचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं आणि मंजुश्रीचं पारडं छातीइतकं उंच जाऊन हिंदकळायला लागलं. तिनं दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

“उडाली की गं बाई!” कुणीतरी म्हणालं.

“सिद्धराम, एक ढेप काढ,” सोमेश म्हणाला.

“हात लावू नको!” आत्या कडाडल्या. “विभूती लागलेली ढेप मागं घेत्येत व्हय? देवाला दाखवून घरी न्यायचं?”

सगळ्यांनी स्वामींकडं बघितलं. स्वामींनी डोळे मिटून मान हलवली. आत्यांचं बरोबर होतं.

“मग लेकरू द्या मांडीवर,” सिद्धरामनं तोड काढली. “नवस बोलताना ते पोटात व्हतंच की.”

शिवूला मांडीवर दिलं. शिवूला झोका फार आवडला. पारडं जरा खाली आलं आणि तिथंच थांबलं.

त्यानंतर ज्याला जे सुचेल ते. कुणी म्हणालं दोन तांबे पाणी पाजा, कुणी म्हणालं पाटा ठेवा मांडीवर. आचारी मडिवाळप्पा हातात झारा घेऊन आला आणि म्हणाला, “लवकर ठरवा, आधण उकळून राहिलं.” आणि मधूनमधून, चर्चेला फोडणी म्हणून, “हाडं मोजून घ्यावीत अशी झालीय,” “तोंडावरची कळाच गेली,” “पोरीच्या मानानं आईच लहान दिसायलीय.” मंजुश्री अधांतरी बसून सगळं ऐकत होती. तिला रडू येत होतं, पण डोळे पुसायला साखळी सोडावी लागली असती.

तेवढ्यात तिला खाली अव्वा दिसल्या. गुळाच्या पारड्याजवळ त्या मटकन खाली बसल्या होत्या.

“माझा नवस आडकला,” अव्वा स्वतःशीच म्हणत होत्या. “मीच कमी पडले. सगळे म्हणायलेत ते खरंच असंल. माझ्या हातचं लागत न्हाई पोरीला.”

आजवर मंजुश्रीला वाटत होतं, सगळे बाण आपल्यालाच लागतात. अर्धे अव्वांना लागत होते, हे तिला त्या उंचीवरून पहिल्यांदा दिसलं.

“आत्या!” मंजुश्रीनं हाक मारली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. “आत्या, माझ्या वजनाची सगळ्यांत जास्त काळजी तुम्हाला हाय. मग या. बसा माझ्याजवळ. जे कमी पडायलंय ते तुम्ही भरा. सवाष्णीचा मान हाय.”

“मी?” आत्या दचकल्या. “न्हाई बाई. माझे गुडघे…”

“गुडघे कशाला पायजेत, आमी उचलून ठेवतो की!” मागून एक पोरगेला आवाज आला.

“साखळी तुटंल रे!”

“आत्याला जोखायचं तर कारखान्याचा वजनकाटा लागतोय!”

सगळं अंगण खदखदून हसलं. शंभर डोळे आत्यांना वरपासून खालपर्यंत मापू लागले. आत्याही हसल्या, पण हसता हसता त्यांनी पदर ओढून दंडावर घेतला, मग पोटावर, मग परत दंडावर. हे मंजुश्रीच्या ओळखीचं होतं. रोज भाजी आणायला जाताना ती मनगटावर पदर ओढायची तो असाच.

“बास!” ती ओरडली. “जोखायला मी बसलेय, माझं बोला. आत्या, ऱ्हाऊ द्या, तुम्ही बसा सावलीला.” आणि मग, नायगावच्या आईची मनातल्या मनात क्षमा मागून, ती अव्वांकडं बघून बोलत सुटली. “अव्वा, तुम्ही कमी पडला न्हाईत. मला शुगर झाली व्हती, शिवूच्या वेळी. डॉक्टरनं गोड बंद केलं. माझ्या पपांची नजर गेली तिच्यापायी, ते शिवूला हातानं बघतेत. मला शिवूला डोळ्यांनी बघायचंय, म्हातारी होईस्तोवर. म्हणून मी बारीक झाले. मुद्दाम झाले. आजारानं न्हाई, तुमच्या हातानं न्हाई.”



अव्वा हळूहळू उठल्या. “आणि लाडू?”

मंजुश्री नुसती सोमेशकडं बघायला लागली. मग अव्वा बघायला लागल्या. मग सिद्धराम, मग आत्या, मग सगळी भावकी. सोमेशनं श्वास आत ओढला, पण बटणानं साथ दिली नाही.

“असं व्हय!” अव्वा म्हणाल्या. “तीन महिन्यांचं तूप! मी म्हणते, घरातलं वजन गेलं कुठं!”

“स्वामी,” वरून मंजुश्री म्हणाली, “माझं वजन घरातच हाय. नुसतं जागा बदललंय. चालंल का?”

अमरनाथ स्वामींनी डोळे उघडले. देवळाच्या गाभाऱ्याकडं बघितलं, कढईकडं बघितलं. “आपला देव अर्धनारीश्वर हाय,” ते गंभीरपणे म्हणाले. “त्याच्यात इकडचं थोडं तिकडं गेलं तरी हिशोब एकच. ये रे सोमेश.”

पण सोमेश अख्खा बसला तर पारडं जमिनीत रुतलं असतं. म्हणून सिद्धरामनं त्याला बाजूला उभं केलं, पारडं हातानं खाली ओढून धरलं, त्याला एक पाय त्यात ठेवायला लावला आणि स्वतः काट्याला डोळा लावून बसला. “दाबा. अजून. अव लई झालं, लाडू जरा मागं घ्या! हां… हां… हलू नका!”

मंजुश्री, मांडीवर शिवू आणि कडेला सोमेशचा एक पाय असं पारडं सरसर खाली आलं आणि गुळाच्या बरोबरीला येऊन थांबलं. “हर हर महादेव!” अंगण गरजलं. अव्वांनी सुनेला पारड्यातून हात देऊन उतरवलं आणि हात सोडलाच नाही. “मला सांगायचं न्हाई?” एवढंच म्हणाल्या. “मी काय परकी हाय?” मग शिवूच्या डोक्यावरून हात फिरवत, “तुझ्या पपाला इकडं घेऊन ये. नातीजवळ ऱ्हाऊ देत चार दिवस.”

जेवायला पंगत बसली. हुग्गीचं भगुणं घेऊन अव्वा स्वतः वाढत आल्या. मंजुश्रीच्या पत्रावळीवर त्यांनी देवाचा म्हणून बोटाच्या टोकाएवढा ठिपका ठेवला, आणि पदराखालून कुणाच्या तरी घरून आणलेली गरम भाकरी काढून वाढली. शेजारी आत्या बसल्या होत्या. त्यांनी त्या भाकरीकडं बघितलं, मग आपल्या पानातल्या हुग्गीच्या ढिगाकडं बघितलं.

“एक अर्धी इकडं बी टाका, वैनी,” आत्या हळूच म्हणाल्या. आणि लगेच, कुणी त्यांच्याकडं बघायच्या आत, समोरच्या पंगतीतल्या भाच्याकडं वळून मोठ्यांदा म्हणाल्या, “काय रे सोमेश, कितवा महिना?”

सोमेशचा हात पानातच थांबला. कान लाल झाले. त्यानं मोठ्या आशेनं बायकोकडं बघितलं.

मंजुश्रीनं शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला.

“लक्ष देऊ नका,” ती म्हणाली.