लोड किती आहे?

दुकानदाराने मला एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचंही उत्तर मी येड्यासारखं दिलं.

आमच्या रसिकाचं, लेकीचं लग्न साताऱ्याला, मुलाकडच्यांच्या हॉलवर. आमची वऱ्हाडाची बस डोंबिवलीहून निघणार होती. ह्यांचं दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढलं. वागळे इस्टेटच्या कंपनीत तीस वर्षं तंबाखू मळली त्याचं बक्षीस. तेव्हापासून गळ्याला टॉर्चएवढं मशीन टेकवून बोलतात. आवाज घरघरतो, पण शब्द कळतात. कन्यादानात बापाने जावयाला सांगायचं असतं, "धर्मे च अर्थे च कामे च नातिचरितव्या", म्हणजे हिला डावलून वागू नकोस. महिनाभर घरात तेवढंच चालू होतं. शेवटच्या शब्दावर हमखास अडायचे. रसिका समोर हसायची आणि आत जाऊन रडायची.

बसमध्ये मशीन चार्ज व्हायला हवं म्हणून मी फडके रोडवरच्या एका दुकानात पॉवर बँक घ्यायला गेले. डब्यांवर दहा हजार, वीस हजार एमएएच, नुसते आकडे. दुकानदाराने विचारलं, "लोड किती आहे?"

लग्नाची खरेदी आहे हे आधीच सांगून बसले होते. मला वाटलं, टेन्शनचं विचारतोय. मी म्हटलं, "लोड कसला हो, सगळं मजेत चाललंय."

तो हसला. "तसं नाही ताई. मोबाइलच लावणार ना?"

"हो, तसलंच." चारचौघांत ह्यांचा घसा कशाला काढायचा, असं वाटलं. लाज वाटली, खरं सांगते. त्याने सगळ्यात मोठी पॉवर बँक दिली, वर एक्स्टेंशन बोर्डही दिला.

हळदीला हे आल्यागेल्याशी पोटभर बोलले. मशीन पार उतरलं. "बोला हो, आपल्याकडे पॉवर बँक आहे," असं मीच म्हणत होते. रात्री घरी चार्जिंगला लावलंच नाही. सकाळी बसमध्ये पॉवर बँकेची वायर जोडली, निळा दिवा लागला, सगळं पिशवीत ठेवलं आणि निवांत बसले.

खंबाटकी घाटात बस तासभर अडकली. हॉलवर पोचून पिशवी उघडली तर मशीन मेलेलं आणि पॉवर बँक भरलेलीच. नणंदेचा ऋतुराज बघून म्हणाला, "मामी, हे मशीन इतकं कमी करंट ओढतं, की बँकेला वाटतं काही लावलेलंच नाही. ती आपली बंद होते. छोटी, साधी घ्यायला हवी होती."

एक्स्टेंशन बोर्ड लावून स्टेजमागे मशीन चार्जिंगला ठेवलं. जेमतेम दहा मिनिटं मिळाली. गुरुजी हाका मारत होते.

ह्यांनी मशीन गळ्याला लावलं. "धर्मे च अर्थे च का..." आणि घरघर थांबली. ह्यांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते?

"मुहूर्त टळेल," गुरुजी म्हणाले. "मुलीचे मामा म्हणतील. चालतं."

प्रीतमने म्हटलं, खणखणीत. माझा सख्खा भाऊ, त्याची काय चूक? त्याच्या मागोमाग ह्यांचे ओठ हलत होते, त्या शेवटच्या शब्दावरही न अडता. जावयाने "नातिचरामि" म्हणून वचन दिलं, ते प्रीतमकडे बघून.