साडेसहा ढेपांचा भिमाजी

भिमाजीला मुदतीचा ताप आला तेव्हा त्याची बायको मनकर्णा जाखाईला नवस बोलून आली होती. नवरा उठून बसला, तर त्याच्या भारोभार गूळ वाटीन. बोलली ती हिशेबानंच. एकवीस दिवस नुसत्या पेजेवर काढून भिमाजीचा तेव्हा सापळा उरला होता. चार ढेपांत तो आरामात तुलला असता.

पण देवीनं जरा जास्तच मनावर घेतलं. ताप गेला आणि त्याच्या जागी भूक बिऱ्हाडाला आली. सकाळी चार भाकरी, दुपारी पाच, आणि संध्याकाळी बैल सोडले की मोजायचं नाही असं ठरलेलं. दोन वर्षांत गडी असा भरला, की गाडीवर चढला की धुरेला बैलांच्या माना खाली जायच्या.

पाथर्डीच्या त्या कोरड्या मुलखात उसाचं टिपरूसुद्धा नाही. भिमाजी हिवाळाभर कोल्हारकडच्या गुऱ्हाळांवर गाडी लावायचा आणि मजुरीत थोडा गूळ मागून घ्यायचा. लढाईचे दिवस. साखर रेशनवर, गूळ बाजारातून गायब. दोन हिवाळ्यांत त्यानं आठ ढेपा जमवल्या आणि माळ्यावर कडब्याच्या आड ठेवल्या, सरकार आणि मुंगळे दोघांच्याही नजरेला पडू नयेत म्हणून.

आणि मग त्यांच्या लेकीचं, बनूचं, लग्न ठरलं. मार्गशीर्षात, जाखाईची जत्रा झाली की चौथ्या दिवशी. व्याही कारभारी तोंडानं फटकळ माणूस. सुपारी फोडतानाच म्हणाला, "मानपान काय नको. पर लापशी गोड पायजे. माझ्या थोरल्याच्या लग्नात सासरवाडीनं अशी लापशी वाढली, की वऱ्हाडी म्हनले, मीठ राहिलंय. ती सून अजून ऐकतीय."

मनकर्णेनं मनात हिशेब मांडला. चारशे पानांच्या लापशीला तीन ढेपा लागणार. आणि गावची रीत अशी, की बोललेला नवस फिटल्याशिवाय त्या घरी मांडव पडत नाही. म्हणजे आठातल्या तीन लग्नाला ठेवायच्या, तर भिमाजी पाच ढेपांत बसायला हवा.

नवस जत्रेत फेडायचा होता, पण अंदाज घ्यायला नवरात्राच्या आधीच ती त्याला जाखाईच्या देवळापुढं घेऊन गेली. तिथं चिंचेच्या फांदीला नवसाची मोठी ताजवी टांगलेली असते. कानिफनाथ गुरवानं एका पारड्यात ढेपा मांडल्या. सहा झाल्या तरी भिमाजी जमिनीवरच. अर्धी ढेप आणखी टाकली तेव्हा कुठं त्याचं पारडं उचललं.

"साडेसा," कानिफनाथ म्हणाला. "भिमाजी, उतर. चिंच देवीची हाय, तुझ्या बापाची न्हाई."

घरी येताना मनकर्णा त्याच्या चार पावलं पुढं चालत होती. दारात आल्यावर म्हणाली, "लेकीची लापशी खाऊन बसलाय तुमी. दीड ढेप उतरवा अंगावरची. कशी ते तुमी बघा."

भिमाजीला लेक जीव की प्राण होती. रात्रभर विचार करून त्यानं उपास धरायचं ठरवलं. नवरात्राचे नऊ दिवस तर धरलेच. पुढं सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, बुधवार कुळदैवताचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार ग्रामदेवतेचा. एकादश्या वेगळ्या. राहिला शुक्रवार. तो त्यानं गनीभाईच्या खात्यात टाकला.

गनीभाई हा त्याचा जुना दोस्त, पाथर्डीच्या बाजारात फळं विकणारा. देवळाली प्रवराच्या बागांतली केळी, पेरू नगरहून आणायचा. भिमाजीनं त्याला सांगितलं, "शुक्करवार तुज्या नावानं धरतो."

"धर बाबा," गनीभाई म्हणाला. "आमी रोजात थुंकीबी गिळत न्हाई. तू काय खातो?"

"कायबी न्हाई. फराळ फक्त."

"मंजे?"

"डझन केळी दे."

गनीभाईनं केळी दिली. धंदा धंद्याच्या जागी. वर म्हणाला, "खा. फळ मंजे पानी. शेतात उभं ऱ्हातं, तवा काय वजन हाय त्याचं?"

भिमाजीला हे पटलं. आपल्याकडं उपासाला केलेलं खाणं खाण्यात धरत नाहीत, हे तर लहान पोरालाही ठाऊक. भाकरी खाल्ली तर जेवण, केळं खाल्लं तर उपास. सकाळी सहा केळी, दुपारी चिकट खजुराचा लपका, संध्याकाळी दोन रताळी भाजून. डोंगरात सीताफळं पिकून फुटायला लागली होती, ती तर फुकटच. भिमाजी गाडी वाटेत सोडायचा, पाटीभर सीताफळं मांडीवर घ्यायचा आणि बिया थुंकत बसायचा. त्याच्या बैठकीपाशी काळ्या बियांचा असा सडा पडायचा, की बकऱ्या बिचकायच्या. इतके देव त्याच्या एका पोटासाठी राबत होते.

मनकर्णा मात्र हरखली होती. नवरा महिना-दीड महिना भाकरीला शिवत नाही म्हणजे काय! ती शेजारणींना सांगायची, "सादू झालाय आमचा."

तुळशीचं लग्न लागलं आणि ती सादूला पुन्हा ताजवीवर घेऊन गेली. कानिफनाथानं साडेसहा ढेपा मांडल्या आणि हात झटकून बाजूला झाला. पारडं हललं नाही. त्यानं उरलेली अर्धी टाकली. तेव्हा भिमाजी कुरकुरत वर आला.

"सात," कानिफनाथ म्हणाला आणि देवळाकडं तोंड करून हसायला लागला.

"ताजवी बिघडलीय," भिमाजी म्हणाला.

"ताजवी न्हाई, ताजवीत बसलंय ते बिघडलंय," मनकर्णा म्हणाली. "चोरून खाताय. कुटं खाताय? गुऱ्हाळावर? का ठेवलीया कुनी खाऊ घालनारी?"

"आईच्यान सांगतो, दाना न्हाई तोंडात!"

"मंग वाऱ्यानं फुगलाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला पाथर्डीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर दौऱ्यावर होता. रंगनाथ कंपाउंडर होता. पांढरा कोट, नाकावर चष्मा आणि गावातल्या प्रत्येकाच्या पोटात काय आहे याची माहिती. त्यानं विचारलं, "काल काय खाल्लंत?"

"काल उपास," भिमाजी म्हणाला.

"उपासाला काय खाल्लंत?"

भिमाजी सांगत गेला. केळी, खजूर, रताळी, सीताफळं. रंगनाथ एकेक बोट दुमडत गेला. दोन्ही हातांची संपली तेव्हा त्यानं चष्मा काढला.

"पाटील, गूळ कशाचा होतो?"

"उसाचा."

"ऊस म्हणजे काय? दगड? झाडच ना? त्याच्या रसात साखर, तशीच केळ्यात साखर, खजुरात तर विचारूच नका. ती काय उपासाचा दिवस बघून कडू होते? तुम्ही भाकरी टाकलीत आणि रोज दीड शेर गूळ खाल्लात, सालीत गुंडाळलेला. एवढाच फरक."

मनकर्णेनं कपाळावर हात मारला. दीड महिना ती शेजारणींना काय काय सांगून बसली होती.

"मंग फळं बंद?" भिमाजीनं बारीक आवाजात विचारलं.

"बंद कशाला? फळ वाईट नाही. तुमची पाटी वाईट आहे. भाकरी खा, एक वेळेला एक. भाजी भरपूर, ताक घ्या. मधे भूक लागली तर एक पेरू. एक. सालीसकट, बियांसकट, चावून चावून. त्या चोथ्यानं पोट भरतं. सोबत मूठभर फुटाणे. मूठ तुमची नको, हिची. आणि बैल काही एकटेच चालायला जन्मले नाहीत. तुम्ही पण गाडीबरोबर चाला."

पुढचा महिना भिमाजीनं जे भोगलं, ते तापात भोगलं नव्हतं. मनकर्णेच्या मुठीत मावतात तरी किती फुटाणे? एकेक फुटाणा तो सोलायचा, बघायचा, मग तोंडात टाकायचा. पेरू संपला की देठ चोखायचा. गनीभाईच्या दुकानापुढून जाताना तो बैलांच्या पलीकडच्या अंगानं चालायचा.

"भिमा, उपास सुटला का?" गनीभाई ओरडायचा.

"तोंड दावू नको मला. फळ मंजे पानी म्हनं!"

"अरे, पानीच हाय. तू तळं पिलास, त्याला मी काय करू?"

पण उतरू लागलं हे खरं. धोतराची गाठ आत सरकली. चढावर धाप लागेना. जत्रेच्या सकाळी त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही, डोईचं मुंडासं काढून ठेवलं, मिशीला हात लावून क्षणभर विचारही केला. मग ताजवीत बसला.

सगळं गाव भोवती. कानिफनाथ एकेक ढेप ठेवी आणि पोरीबाळी मोजत. पाच झाल्या. मनकर्णेनं डोळे मिटले. सहा झाल्या. पारडं जागचं हललं, पण उचललं नाही. अर्धी ढेप पडली आणि भिमाजी वर आला.

साडेसहा. म्हणजे सगळ्या देवांना कामाला लावून, महिनाभर फुटाणे मोजून, गडी नवरात्राच्या आधी होता तिथंच परत आला होता.

हलगी वाजली, भंडारा उधळला, कानिफनाथानं कोयत्यानं गूळ फोडायला घेतला. तासाभरात देवीच्या साडेसहा ढेपा गावाच्या पोटात गेल्या. मनकर्णा चिंचेखाली बसली. माळ्यावर दीड ढेप राहिली होती आणि लग्नाला चार दिवस.

"आता ती पोर जन्मभर ऐकनार," ती म्हणाली. रडत नव्हती, ते भिमाजीला जास्त लागलं.

तो उठून जत्रेतून चालायला लागला, काही सुचत नव्हतं म्हणून. कोपऱ्यावर गनीभाई दुकान मांडून बसला होता. गूळ फुकट मिळत असताना केळी कोण घेतो? घडच्या घड काळे पडले होते. शेजारी खजुराचं चटईत बांधलेलं बोचकं, घामेजलेलं, माशा घोंगावत असलेलं.

भिमाजी बघत राहिला. मग त्यानं एक केळं उचललं, सोललं आणि जिभेला लावलं.

"उपास हाय का आज?" गनीभाई म्हणाला.

"गप. हे किती हायत?"

"का?"

"ह्याच केळांनी न् खजुरानं माज्या अंगावर अर्धी ढेप चढवली का न्हाई? बिनगुळाची? मंग लापशीला का न्हाई चढनार?"

गनीभाईनं घडांवरच्या माशा हाकलल्या. मग म्हणाला, "ने सगळं. फाल्गुनापतूर माझा माल तुज्या गाडीत नगरहून फुकट यायचा, बस. आन् पोरगी माझीबी हाय."

लग्नघरी लापशी रांधायचा मान आक्काबाईचा. पाच गावांची लग्नं तिच्या उलथण्याखालून गेलेली. तिनं काळी केळी बघितली आणि पदर खोचला. "भिमा, भुकेनं तुझं डोकं गेलंय. लापशीत केळी? उद्या आमटीत पेढे टाकशील."

"एक पातेलं कर, आक्का. गोड न्हाई झालं तर मला त्यात घाल."

"तू मावायचा न्हाईस," आक्काबाई म्हणाली आणि चूल पेटवली.

मनकर्णा आणि बनू रात्रीतून खजुराच्या बिया काढत बसल्या. आक्काबाईनं खजूर शिजवून घोटला, केळी हातानं कुस्करली, उरलेला गूळ पाघळवला, सुंठ-वेलदोडा टाकला आणि गव्हाच्या भरड्यात सगळं ओतलं. रंग गुळाहून काळपट आला. तिनं पळीवरचं चाटलं. पुन्हा चाटलं. तिसऱ्यांदा चाटायला लागली तेव्हा मनकर्णेनं पळी ओढून घेतली.

लग्नाच्या दिवशी चारशे पानं बसली. भिमाजी स्वतः लापशी वाढत होता. व्याही कारभारी पहिल्या पंगतीत, मधोमध. त्यानं पहिला घास घेतला आणि चावत राहिला. त्याच्याकडं बघून वऱ्हाडी चावत राहिले. मनकर्णा माजघराच्या दारामागं उभी होती.

दुसऱ्या घासाला कटकन् आवाज झाला. कारभारीनं तोंडात बोट घातलं आणि एक लांबट बी बाहेर काढली. उजेडाकडं धरली. पंगत थांबली.

"भिमाजी," तो म्हणाला, "हे काय हाय?"

भिमाजीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. खोटं काय बोलावं ते सुचेना, म्हणून तो खरं बोलला. "खजूर हाय, इवाईबुवा."

"खजूर? लापशीत?"

"व्हय. आन् केळीबी."

कारभारीनं बी पुन्हा एकदा बघितली. मग शेजारच्याला दाखवली. मग त्यानं पंगतीभर मान फिरवली आणि मोठ्यानं म्हणाला, "ऐका रं! लोकास्नी चहाला गूळ मिळंना, आन् आमच्या इव्हायानं लापशीत खजूर टाकलाय! ह्याला म्हनत्यात घरानं! वाढ भिमाजी, हिकडं वाढ!"

मग काय विचारता! जो तो आपल्या पानात बी सापडते का बघायला लागला. ज्यांना सापडली नाही, त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. मनकर्णा माजघरात खाली बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. आक्काबाई तिच्या कानाशी लागून म्हणाली, "बी राहिली ती तुझ्या हातनं का पोरीच्या? जिच्या हातनं राहिली, तिला लुगडं घे."

बनू सासरी गेली ती ताठ मानेनं. त्या घरच्या थोरल्या सुनेनं तिला पहिल्याच दिवशी विचारलं, एवढा खजूर आणला कुठून?

त्या साली फाल्गुनापर्यंत त्या मुलखात जेवढी लग्नं झाली, तेवढ्या वरपक्षांनी लापशीत खजूर मागितला. लेकीचे बाप बोचकं शोधत पाथर्डी, नगर पालथं घालत होते, आणि नगरच्या वाटेवर गनीभाईचा माल घेऊन गाडीशेजारी चालणारा भिमाजी दिसला, की त्याला थांबवून पोटभर शिव्या देत होते.