न ओढलेली दोरी

मी एक जुनी दोरी आहे. दोरी म्हटलं की तुम्हाला विहीर नाहीतर झोपाळा आठवेल. मित्रांनो, मी मात्र जपानात, सायकलचे ब्रेक जोडणाऱ्या एका कारखान्यात टांगलेली आहे. मला ओढलं की घंटा वाजते आणि कामगारांच्या सगळ्या रांगेचं काम थांबतं.

मला टांगलं मुकादम इनागाकींनी. "चूक दिसली की ओढायची, कुणाला विचारत बसायचं नाही," असं त्यांनी बजावलं होतं. रांगेत काम करणारी हात्सुएताई नवीन असताना एक स्क्रू तिरका बसला म्हणून तिने मला भीतभीत ओढलं. तीस माणसांचे हात थांबले. बिचारी रडकुंडीला आली. इनागाकी धावत आले आणि कमरेत वाकून म्हणाले, "बरं झालं ओढलीस! आभारी आहे हं!" तेव्हा मला कोण अभिमान वाटला! पुढे लांबलांबून पाहुणे येत, आमची यंत्रं पाहून टिपणं घेत. ते "आभारी आहे" मात्र कुणी टिपून नेलं नाही.

इनागाकी निवृत्त झाले. नव्या साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला. ज्या रांगेत दोरी महिनाभर ओढली जाणार नाही, तिला कागदाचं लाल फूल. साहेब कुणावर ओरडत नसत. पण आपल्यापायी चारचौघांना त्रास नको, ही इथल्या माणसांची जन्माची भीड. डबा खाताना कुणीतरी हसत म्हणे, "ताई, हात जरा आवरा बरं का!" माझ्यावर धूळ साचू लागली.

महिना संपायला एकच दिवस उरला होता. हात्सुएताईच्या हाती सैल स्प्रिंगचा ब्रेक आला. तिने मला धरलं. ओढ ना गं बाई, मी मनात आक्रोश केला. शेजारचा कुबोता पुटपुटला, "एवढ्याशानं काय होतंय? उद्या फूल आहे." तिने मला सोडून दिलं.

फूल लागलं. काही महिन्यांनी कळलं की उतारावर ब्रेक लागला नाही आणि एका टपालवाल्याचा पाय कायमचा गेला. ब्रेकची स्प्रिंग सैल होती आणि त्यावरचा क्रमांक आमच्याच रांगेचा, त्याच दिवसाचा होता. "मला दिसलं होतं," हात्सुएताई सगळ्यांसमोर म्हणाली, "दिसलं होतं, तरी मी जाऊ दिलं."

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. पण कुणी भीतभीत काम थांबवलं, तर त्याला आधी "बरं झालं" म्हणा. त्या दिवशी असं कुणी म्हणेल, एवढा भरवसा हात्सुएताईला असता, तर तो टपालवाला आज दोन्ही पायांवर चालला असता.