कळकलेलं गोड

मित्रांनो, मी एक जुनं पितळी भगुनं बोलतोय, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला स्वतःची किळस आली आहे. माणसांचीही थोडी आली आहे, पण ते ओघानं येईलच.

माझा जन्म परंड्याचा. तांबटानं मला घडवताना असे ठोके घातले की किल्ल्यावरच्या तोफेला वाटलं, पुन्हा लढाई लागली. ती जागची हलली म्हणतात. मी बघितलं नाही, मला तेव्हा तळ नव्हता. तिथून मी ईट गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी आलो. दिवाळीआधी कल्हईवाले चाचा वेशीपाशी भट्टी लावत, मला तापवत आणि नवसागर टाकून आतून कथील फिरवत. पितळेच्या पोटाला चांदीसारखं अस्तर चढे. हे अस्तर नसलं आणि आत आंबट पडलं, की ते कळकतं. म्हणजे हिरवं पडतं, जिभेवर धरवत नाही आणि गिळलंच तर ओकाऱ्या काढतं. माझं अस्तर मात्र असं लख्ख होतं की एकदा चंद्र आत वाकून बघायला आला आणि खिरीत बुडाला. त्या महिन्यात अमावस्या दोनदा झाली. विश्वास नसेल तर नका ठेवू.

लग्न असो, बारसं असो, घरातलं गोड माझ्यातूनच वाढलं जाई. मग स्टीलची भांडी आली, चाचा यायचे थांबले आणि मी गोठ्यात गेलो. माझ्यात म्हशीची पेंड भिजली, पेंडीवर बुरशी आली. एका कोंबडीनं माझ्यात अंडी उबवली, त्यातलं एक नासलं. जेवत असाल तर पुढची ओळ सोडा. त्या नासक्या अंड्यावर ट्रॅक्टरचं काळं ऑइल ओतून ठेवलं होतं.

गेल्या येळवशीला एकदम माझी आठवण झाली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव पाहुणेरावळे घेऊन शेतात जेवायला जातं. घरात नवी सून आली होती, प्रतीक्षा, बेंबळीची. तिचे आईवडील पहिल्यांदाच आमच्या शेतात येणार होते. माहेरी माणसं जमली की ती एक थरांचं गोड करायची. तळाला साखरेत शिजवलेली तुती, वर तुपात परतलेला बिस्किटांचा चुरा, त्यावर खवा घालून फेटलेली साय, आणि पुन्हा तुती. तुती घरचीच, रेशमाच्या किड्यांसाठी लावलेली. या घरात तिनं स्वतःहून करायला घेतलेला हा पहिला पदार्थ. जमला तर तिच्या हाताला मान मिळणार होता. बिघडला तर 'बेंबळीचं वळण' हे दोन शब्द जन्मभर ऐकायचे होते.

"मामा, काचेचं भांडं आणलंय मी," ती सासऱ्यांना म्हणाली. "थर दिसत्यात त्यात."

"थर बघायचं का खायचं?" सासरे बब्रुवान म्हणाले. "या घरचं गोड आजपातुर भगुन्यातनंच वाढलंय. पाहुण्यांम्होरं पितळ पायजे."

"अवं, पण किती वर्सं झाली, त्याला कल्हई न्हाय," सासू सिताबाई चुलीपासून म्हणाल्या.

"आंबील घालतीया का त्यात? गोड हाय ते. गोडाला काय हुतंय?"

हीच ती चूक. आमच्या भागात आंबट मातीच्या भांड्यात आणि गोड पितळेत, ही रीत पक्की. पण तुतीला ही रीत कुणी सांगितली नव्हती. साखरेत कितीही लोळवा, ती मुळात आंबटच.

मला चिंच लावून बाहेरून घासलं. शेजारची हरणाबाई डोळ्यांवर पदर धरून म्हणाली, "बया, सूर्व्य घरात आणला का काय." आत नुसता राखेचा हात फिरवला. माझ्या पोटात वाकून कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी थर लागले. फ्रिजमध्ये मी मावेना, म्हणून मला फडकं बांधून ओसरीवर गारठ्यात ठेवलं. तुतीचा रस उघड्या पितळेला झोंबू लागला. सकाळपर्यंत तळाशी मोरचुदासारखा हिरवट, बुळबुळीत थर धरला, कुणीही न लावलेला. वरून मात्र पांढरीशुभ्र साय आणि तिच्यावर तुतीची नक्षी. मला ओकायचं होतं. भांड्याला ओकता येत नाही, हा आमच्या जातीवरचा मोठा अन्याय आहे.

ट्रॉलीतून शेताकडं जाताना मी उडी टाकायला बघितलं. पण प्रतीक्षानं मला पोटाशी धरलं होतं. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, बाहेर पंगत बसली. बब्रुवानांनी दोन्ही कड्या धरून मला उचललं आणि ते व्याह्यांपुढं आले.

"घ्या पाहुणं. तुमच्या लेकीनं केलंय."

आता माझ्या डाव्या कडीचा खिळा ढिला होता. लोक म्हणतात तो आपोआप निसटला. मी म्हणतो, तो मी सोडला.

मी उपडा पडलो. तळाचं वर आलं. पांढऱ्या सायीवर तो हिरवा चिखल पसरला. खोपीमागचं कुत्रं धावत आलं, हुंगून बघून मान फिरवून निघून गेलं.

बब्रुवान सुनेकडं वळले. "काय घातलं हुतंस गं यात?"

मित्रांनो, या वाक्यापेक्षा ते नासकं अंडं बरं होतं.

प्रतीक्षाची मान खाली गेली. सिताबाई उठल्या. त्यांनी माझ्या पोटात बोट फिरवलं आणि ते हिरवं बोट नवऱ्यापुढं धरलं.

"चाटा."

बब्रुवानांनी जीभ लावली आणि ते सगळ्यांदेखत थुंकले. मग हात जोडून व्याह्यांना म्हणाले, "पोरीचं काय चुकलं न्हाय, पाहुणं. कळकलंय ते. भगुन्याचा हट्ट माझा हुता."

"सांडलं तेच बरं झालं," व्याही म्हणाले. "न्हायतर आमी समदे लेकीचं नाव घेत टमरेल घेऊन पळालो असतो."

पंगत हसली. प्रतीक्षा हसली नाही. दुपारी विहिरीवर ती मला आतून घासत होती. घासता घासता हळूच म्हणाली, "तुला बी कुणी इचारलं न्हाय, मला बी न्हाय."

सध्या मी बैठकीत असतो, पोटात प्लॅस्टिकची फुलं घेऊन. कल्हई अजून झालेली नाही. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि मला मळमळतं. म्हणून एवढंच मागणं आहे. जुन्या भांड्याचं कौतुक करायचं असेल तर आधी वाकून आत बघा. कल्हईवाला सापडेना तर फुलंच ठेवा, अन्न नको. आणि करणारीला विचारा, बाई, तू कशात करतेस? तेवढं विचारायला कल्हई लागत नाही.