आबुंदियो मास्तरांची परंपरा

शाळेत आपली आदिवासी भाषा, झापोतेक, बोललं की आबुंदियो मास्तर आम्हाला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावायचे. पुढे ते पक्षाचे पुढारी झाले आणि गावाचा प्रमुख तेच ठरवू लागले.

मग मेक्सिकोतल्या आमच्या ओआहाका राज्याची घटना बदलली. गावांनी आपल्या रीतीने सभेत प्रमुख निवडावा, असं तिच्यात आलं. आम्ही चर्चपुढे फटाके उडवले. वाटलं, सुटलो मास्तरांच्या तावडीतून.

पहिल्या सभेला मास्तर लोकरी सारापे पांघरून आले. तोडक्यामोडक्या झापोतेकमध्ये पूर्वजांना नमस्कार केला.

माझी बहीण सोसिमा उभी राहिली. नवरा गेल्यापासून रस्त्याच्या श्रमदानात त्याच्या वाट्याचं फावडं तीच मारायची. तिने एलेउतेरिओ सुताराचं नाव सुचवलं.

"बस, ताई," मास्तर गोड हसले. "आपल्या परंपरेत बायका मत देत नाहीत. आता तर घटनेनेच परंपरा मानलीय."

"श्रमदान चालतं माझं?"

"ते कर्तव्य आहे."

"मग परवाच्या श्रमदानापासून तुमचं कर्तव्य तुम्हीच करा."

ती निघून गेली. पुरुषांनी माना खाली घातल्या आणि मास्तरांसाठी हात वर केले.

श्रमदानाला ती गेली नाही. दंड झाला, तो तिने भरला नाही. म्हणून गावच्या कोठडीत टाकलं. मी तिच्यासाठी मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाल घेऊन गेलो, तेवढ्यात मास्तर राजधानीतले पाहुणे घेऊन आले.

"ही आमची पारंपरिक न्यायव्यवस्था," ते म्हणाले. एका बाईने गजांमधून फोटो काढला.

सोसिमा खाता खाता झापोतेकमध्ये काहीतरी बोलली. मास्तरांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात ताई? सांग ना पाहुण्यांना."

"म्हणतेय, या माणसाला घाण वास येतो. जेवण होईपर्यंत लांब न्या."

पाहुणे खळखळून हसले. गावचा विनोद किती रांगडा, असं कोणीतरी म्हणालं. मास्तरही हसले, सर्वांत मोठ्याने.

सोसिमा सुटली. दर श्रमदानाला तिला दंड होतो, ती कोठडीत जाते. आता आणखी दोघी विधवा तिच्यासोबत बसतात. मास्तर मात्र अजून प्रमुख आहेत, आणि राजधानीत आदिवासी हक्कांवर भाषणं देतात.